हापूस बाहेर पाठवायचाय: न्हावाशेवा की विमान?

विमानाचं भाडं ऐकलं की डोळे पांढरे होतात हे मान्य, पण तेवढ्यावरून जहाज धरू नका, आधी बघा माल जाणार कुठे आणि आहे किती.

दुबई-ओमानला जायचा असेल आणि माल भरपूर असेल तर मी तरी न्हावाशेवा बंदर, म्हणजे जहाजच म्हणेन. समुद्रातले दिवस मोजकेच, रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, 13 डिग्रीच्या आसपास ठेवला की आंबा कच्चा राहतो आणि तिकडे गेल्यावर पिकवता येतो. अजून थंड केला तर अजून टिकेल असा हिशोब मात्र करू नका, 10 च्या खाली गेला की साल काळपट पडते आणि मग तो धड पिकतही नाही. आणि रीफर गरम माल गार करत नाही हो, गार माल गार ठेवतो, त्यामुळे प्रीकूलिंग, म्हणजे माल आधी गार करणं, न करता पेट्या भरल्या तर मधल्या थरातला आंबा वाटेतच पिकायला लागतो आणि शेजारच्या पेट्याही पिकवतो.

खरी अडचण कंटेनर भरायची. 40 फुटी म्हणजे पंधरा टनांच्या आसपास माल, तोही एकाच तयारीचा, एक-दोन दिवसांत तोडलेला. छोट्या बागायतदाराला एकट्याने जमत नाही, चार-पाच जण एकत्र आले तरच.

अमेरिकेला विमानच. वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण (किडीसाठी किरणांची प्रक्रिया) करून घ्यायचं आणि थेट कार्गोला. 2022 ला 16 टनांवर आंबा बोटीने अमेरिकेला गेला होता, 25 दिवसांत पोचला, पण हापूस एवढे दिवस ठेवायचं धाडस मी करणार नाही, साका, म्हणजे आतला गर खराब होणं, आत असतो आणि वरून काही कळत नाही. युरोपचंही तेच, गरम पाण्याची प्रक्रिया करा आणि विमानाने पाठवा. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, अशा वेळी नाशिकची द्राक्षं तग धरतात, हापूस नाही.

विमानाला भाडं वजनावर की आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं, म्हणून खोका उगाच मोठा घेऊ नका. उलव्याचं नवं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालंय, वाशीहून जवळ पडतं, पण जवळ आहे म्हणून तिथूनच बुकिंग करू नका, तुमच्या शहराला थेट फ्लाइट कुठून आहे ते आधी विचारा.