सांबुरू की मसाई मारा? केनियाचं बुकिंग करण्याआधी

सांबुरू आणि मसाई मारा ही केनियातली सफारीची दोन अभयारण्यं. केनिया म्हटलं की आपल्याकडे सगळे डायरेक्ट मसाई माराच धरतात, आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर बरोबरच आहे ते, कारण लाखो वाईल्डबीस्ट (गुरांसारखे दिसणारे, हरणांच्या जातीतले प्राणी) तेव्हा शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीकडून येतात आणि मारा नदी पार करतात, तसलं दुसरीकडे नाही बघायला मिळत. पण फेब्रुवारीत जाणारे लोकही डोळे मिटून माराचंच पॅकेज घेतात ना, त्यांनी एकदा सांबुरूचा विचार करा असं मला वाटतं.

सांबुरू नैरोबीच्या उत्तरेला, साधारण सव्वातीनशे किलोमीटर, वाटेत नान्युकीजवळ विषुववृत्त ओलांडावं लागतं. मारा म्हणजे हिरवं-पिवळं मोकळं गवत, नजर जाईल तिथपर्यंत. सांबुरू म्हणजे तांबडी माती, काटेरी बाभळी आणि मधून वाहणारी एवासो न्गिरो नदी, काठाने डूम पाम, म्हणजे फांद्या फुटलेलं ताडाचं झाड. पाऊस कमी, त्यामुळे कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप नदीवरच येतात. इथल्या हत्तींना एकेकाला ओळखून नोंदी ठेवणारी 'सेव्ह द एलिफंट्स' ही संस्था 1993 पासून आहे.

आता मुख्य मुद्दा. सांबुरूत पाच प्राणी आहेत जे मारात दिसतच नाहीत, गाइड त्यांना 'स्पेशल फाइव्ह' म्हणतात: ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार जिराफ, बेइसा ऑरिक्स (लांब सरळ शिंगांचं हरीण), जेरेनुक आणि निळसर मानेचं सोमाली शहामृग. यातला ग्रेव्हीचा झेब्रा खरा दुर्मिळ, जंगलात जेमतेम 3000 उरलेत, तेही फक्त केनिया आणि इथिओपियात. नेहमीच्या झेब्र्यापेक्षा अंगाने मोठा, पट्टे एकदम बारीक, पोट पांढरं आणि कान मोठे गोल. जेरेनुक म्हणजे जिराफाची मान लावलेलं हरीण समजा, मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहून वरचा पाला खातं आणि पाणी न पिताही भागवतं, पहिल्यांदा बघितलं की हसूच येतं.

सिंहांच्या बाबतीत मात्र मारा पुढे, यात वाद नाही. उघड्या गवतात सिंह, चित्ता पटकन दिसतात, सांबुरूत झुडपांमुळे शोधावं लागतं. बिबट्या मात्र नदीकाठच्या झाडांवर इथे बऱ्यापैकी दिसतो. गेंडा सांबुरूत नाही, 'बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पूर्ण करायचेच असा हट्ट असेल तर इथे निराश व्हाल.

गर्दी? सांबुरू फक्त 165 चौ. किमी आहे, मारा 1510. तरी सीझनमध्ये मारा नदीवर गाड्यांची रांग लागते, एका वाघामागे वीस जिप्सी बघितलेल्यांना सांगायला नको. शिवाय सांबुरूच्या नदीपलीकडेच बफेलो स्प्रिंग्ज हे दुसरं अभयारण्य आहे, म्हणून जागा अगदीच कमी पडत नाही.

पैसे: मारात परदेशी माणसाला दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलैपासून 200 डॉलर नुसती एन्ट्री आहे (2024 पासूनचे रेट, तरी बुक करताना परत बघा). सांबुरू स्वस्त पडतं. छोट्या विमानाने दोन्हीकडे जाता येतं, पण सामान 15 किलो आणि तेही मऊ बॅगेत, आपल्या चाकांच्या कडक सुटकेसी नैरोबीतच ठेवाव्या लागतात. यलो फीव्हरचं इंजेक्शन कमीत कमी दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर मुंबई एअरपोर्टवर अडकाल. मलेरियाचं दोन्हीकडे डॉक्टरना विचारा.

उन्हाचा त्रास होत असेल किंवा सोबत आई-बाबा असतील तर मारा बरं, उंचीमुळे सकाळी चांगलं गार असतं, स्वेटर लागतो. सांबुरूत दुपारी भाजतं. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर हे पावसाचे दिवस, तेव्हा दोन्ही टाळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर पहिलीच सफारी आणि ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर मारा, दुसऱ्यांदा जात असाल किंवा जानेवारी-फेब्रुवारी असेल तर सांबुरूला तीन रात्री. पाच दिवसांत दोन्ही कोंबू नका, गाडीतच बसून राहाल. आणि सांबुरूला रस्त्याने जाणार असाल तर नान्युकीजवळ ओल पेजेटा या खासगी अभयारण्यात एक रात्र थांबा, नाजिन आणि फातू या जगातल्या शेवटच्या दोन नॉर्दर्न व्हाइट गेंड्याच्या माद्या तिथेच आहेत, आणि लांबचा प्रवासही तुटतो.