मॅट फिनिशची ३०४ रेलिंग: एकोणीस महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या मखमलाबाद रोडवरील आमच्या घराची गच्ची आणि पुढची बाल्कनी यांना स्टेनलेस स्टीलची रेलिंग बसवून आता एकोणीस महिने झाले. दीड इंची पाइप, सोळा गेज, ३०४ ग्रेड आणि आर्गन वेल्डिंग हा तपशील बहुतेकांच्या घरी असाच असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. लिहिण्याचे कारण वेगळे आहे. बाल्कनीला मिरर (आरशासारखी चकचकीत) फिनिश आणि गच्चीला मॅट (बारीक चऱ्यांची, कमी चमकणारी) असा फरक मी स्वतः हट्टाने करून घेतला होता. गच्चीवर ऊन फार परावर्तित होते आणि मिररवर बोटांचे ठसे उठतात, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीपायी मॅटसाठी सांगितलेला थोडा जादा दरही मी घासाघीस न करता दिला. असे माझ्या हातून सहसा घडत नाही.

गेल्या जुलैमध्ये, सलग आठवडाभर पाऊस झाल्यानंतर, गच्चीच्या खांबांवर बांगड्यांसारख्या बारीक तपकिरी रेघा दिसू लागल्या. रंग जुन्या कपाच्या तळाशी उरणाऱ्या चहाच्या डागासारखा होता. वरच्या आडव्या पाइपच्या माथ्यावर काही नव्हते, मात्र खालच्या बाजूला, जिथे पावसाचा थेट मारा पोहोचत नाही, तिथे हात फिरवला की बोटाला तपकिरी पूड लागत होती. वेल्डिंगच्या सांध्यांभोवती तर सरळसरळ गंजाचे ठिपके होते. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाच्या स्टेनलेस स्टीलला नऊ महिन्यांत गंज धरावा, याचा मला एकच अर्थ लागला: ३०४ चे पैसे घेऊन स्वस्तातल्या २०२ ग्रेडचा पाइप मारला.

फॅब्रिकेटरशी फोनवर जे बोलणे झाले ते येथे देण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चुंबक घेऊन आले आणि म्हणाले, "काका, लावून बघा, चिकटतंय का." चुंबक चिकटला नाही. परंतु २०२ मध्ये निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वाढवलेले असते आणि तोही साधारणपणे चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ३०४ आणि २०२ यांच्यातला फरक चुंबकाने कळत नाही, हे मला ठाऊक होते आणि मी ते पुरेशा खवचटपणे ऐकवले. मग उरलेल्या पाइपचा वीतभर तुकडा कापून अंबडच्या एका प्रयोगशाळेत दिला. अहवालात क्रोमियम १८ टक्क्यांच्या थोडे वर आणि निकेल ८ टक्क्यांच्या थोडे वर आले. म्हणजे पाइप ३०४ च होता. तपासणीची फी माझ्या खिशातून गेली आणि वर माफी मागावी लागली.

याच सुमारास मला टाकीमागचा मिररचा तुकडा आठवला. काम संपत आले तेव्हा मॅटचा पाइप एका लांबीने कमी पडला होता, आणि फॅब्रिकेटरने मला न विचारता पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात बाल्कनीतून उरलेला मिररचा पाइप बसवून टाकला होता. दोन वेगवेगळ्या फिनिश शेजारी शेजारी पाहून मी चिडलो होतो आणि अंतिम बिलातून सातशे रुपये कापले होते. तो कोपरा गच्चीवरचा सर्वांत वाईट कोपरा आहे. टाकी ओसंडली की बोअरचे पाणी तिथेच पडते आणि वाळते. मी टाकीमागे वाकून पाहिले, तर पाइपवर क्षारांचे पांढरे ओघळ होते, परंतु ओल्या फडक्याने ते पुसल्यावर खाली आरशासारखा स्वच्छ पाइप निघाला. ग्रेड तीच, गच्ची तीच, पाऊस आणि पाणीही तेच, आणि त्याला लागून असलेला मॅट पाइप मात्र डागाळलेला. गुळगुळीतपणाखेरीज दोघांत फरक राहिलाच नव्हता.

स्टेनलेस स्टीलचा बचाव करतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. त्यावर ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा तयार होतो. मॅट फिनिश म्हणजे घासणाऱ्या खरखरीत पट्ट्याने पाडलेल्या असंख्य चऱ्या असतात, आणि या चऱ्यांत धूळ आणि ओलावा अडकून बसला की त्या मळाखाली ऑक्सिजन नीट पोहोचत नाही, पाणी वाळता वाळता त्यातल्या क्लोराइडचे (पापुद्रा फोडणाऱ्या क्षाराचे) प्रमाण वाढत जाते आणि पापुद्रा नेमका तिथेच फुटतो. गोल पाइपवर या चऱ्या वळसा घालून जातात, म्हणून उभ्या खांबावर त्या आडव्या पडतात आणि पावसाने धूळ वाहून जाण्याऐवजी प्रत्येक चरीत थोडी थोडी अडकते. माझ्या बांगड्यांचे कोडे असे सुटले.

सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या मित्राने पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारे हातात मावणारे यंत्र एका रविवारी आणले. बाहेर उघड्यावर वापरायच्या स्टेनलेस स्टीलचा खडबडीतपणा, म्हणजे 'आरए', ०.५ मायक्रॉनच्या आत असावा असे सांगितले जाते. मिररचा आकडा ०.१ च्याही खाली आला, मॅट पाइपचा ०.८ च्या आसपास, आणि सांध्यांवर यंत्राने दोनच्या वरचे आकडे दाखवले. इथपर्यंत मी सगळा दोष मॅटला देत होतो. सांध्यांचे आकडे पाहिल्यावर मत बदलावे लागले.

वेल्डिंगनंतर सांध्याशी मॅट जुळवण्यासाठी ८० नंबरचे, म्हणजे जाड दाण्याचे, फ्लॅप व्हील (ग्राइंडरला लावायचे पॉलिश पेपरचे चाक) कोरडेच फिरवले होते. शिवाय त्याच आठवड्यात आमचे लोखंडी गेटही त्याच ग्राइंडरवर घासले गेले होते, हे मी स्वतः पाहिले होते, फक्त त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. ग्राइंडरच्या चाकात अडकलेले लोखंडाचे कण स्टेनलेसच्या खोल चऱ्यांत रुतून बसतात आणि पहिल्या पावसात गंजतात. याची खात्री करण्यासाठी शेजारच्या द्राक्षबागायतदार अण्णांकडून चमचाभर मोरचूद (तांब्याचे सल्फेट) मागून आणले. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी त्यांच्याकडे ते पोत्याने असते. पाव लिटर पाण्यात चार ग्रॅम मोरचूद आणि बॅटरीच्या ॲसिडचे काही थेंब असे द्रावण सांध्यावर लावून सहा मिनिटे ओले ठेवले. सांध्याच्या चऱ्यांत नव्या पैशासारखा लालसर तांब्याचा थर चमकू लागला, म्हणजे तिथे सुटे लोखंड होते. अखंड मॅट पाइपवर आणि मिररवर काहीच उमटले नाही. (द्रावण नंतर भरपूर पाण्याने धुवावे, आणि अन्नपाण्याच्या भांड्यांवर हा प्रयोग करू नये.)

आता माझा वाटा. एप्रिलमध्ये गच्चीच्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी, मजुरी वाचावी म्हणून, मी स्वतः बाजारातले फरशीचे ॲसिड ओतून ती घासली होती. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, म्हणजे निव्वळ क्लोराइडच, आणि त्याचे शिंतोडे व वाफ खांबांच्या तळाला लागली असणार, कारण सर्वाधिक डाग बेस प्लेटपासून (खांबाच्या तळाच्या पट्टीपासून) वीतभर उंचीपर्यंतच होते. मिररच्या तुकड्यालाही ते शिंतोडे लागले, पण पुढच्या धुण्यात निघूनही गेले.

ऑगस्टच्या मध्यावर दुरुस्ती झाली. सांधे नव्या, फक्त स्टेनलेससाठी राखलेल्या चाकाने १८०, मग २४०, मग ३२० नंबरने घासले, आणि त्यावर पिकलिंग पेस्ट (स्टेनलेसचा पृष्ठभाग साफ करणारा ॲसिडचा लेप) लावून भरपूर पाण्याने धुतले. या पेस्टमध्ये नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, त्यामुळे ते काम मी कारागिराकडून हातमोजे आणि चष्म्यासह करून घेतले. इथे काटकसर केली नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आलेले निळसर-सोनेरी पट्टेही त्याने गेले. ते पट्टे दिसायला निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्याखालच्या थरात क्रोमियम कमी झालेले असते. बावीसपैकी एक सांधा मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला.

आज, नऊ महिन्यांनंतर, दुरुस्त केलेल्या एकवीस सांध्यांपैकी एकोणीस स्वच्छ आहेत आणि दोनांवर पेस्ट न पोहोचलेल्या आतल्या कोपऱ्यात फिकट डाग आहेत. न घासलेला सांधा पुसला तरी पंधरा दिवसांत पुन्हा तपकिरी होतो. अखंड मॅट पाइप महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने, चऱ्यांच्या दिशेने पुसला तर ठीक राहतो. मिररच्या कोपऱ्याला मी तेव्हा पुसल्यानंतर अजून हातही लावलेला नाही. बोटांचे ठसे म्हणाल तर टाकीमागे जातो कोण?

फॅब्रिकेटरने दुरुस्तीचे फक्त सामानाचे पैसे घेतले. जाताना ते टाकीमागच्या पाइपकडे पाहून म्हणाले, "काका, तो तुकडा बदलून मॅट लावून देऊ का, तेव्हा राहिलाच होता." मी नको म्हणालो. कापलेल्या सातशे रुपयांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही नाही.