जुन्या गाडीचं स्टार्टिंग: आधी मल्टिमीटर घ्यावा की स्कॅनर?

जुनी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायला लागली, की बॅटरी बदला, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उघडा, प्लग बदला असे सल्ले सगळीकडून येतात. अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा तपासणीचं एखादं साधन स्वतःकडे ठेवलेलं केव्हाही बरं. मग प्रश्न येतो, पहिलं साधन कोणतं? गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर, की व्होल्ट-ओहम मोजणारा डिजिटल मल्टिमीटर? मी दोन्ही वापरतो आणि माझा कल मल्टिमीटरकडे आहे. तो का, ते सांगतो. तुमची गाडी आणि तुमची तक्रार वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी तक्रार नेमकी कोणती ते बघा. किल्ली फिरवल्यावर सेल्फ रेंगाळतो, नुसता ‘टक’ आवाज येतो किंवा काहीच होत नाही, हा एक प्रकार. सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दुसरा. स्कॅनरचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारात होतो. क्रँक करताना, म्हणजे सेल्फ इंजिन फिरवत असताना, लाइव्ह डेटामध्ये आरपीएम शून्यच राहिला, तर इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, मग त्याचा पी०३३५ हा दोषाचा कोड नोंदला गेलेला असो वा नसो. कूलंटचं तापमान उणे ४० दिसत असेल तर त्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंजिन कडाक्याच्या थंडीत आहे असं धरून पेट्रोल जास्त सोडतो आणि प्लग ओले होतात. या गोष्टी मीटरने शोधता येतात, पण त्यासाठी वायरिंगचा नकाशा हवा आणि भरपूर चिकाटीही.

मात्र जुन्या गाडीत, निदान माझ्या अनुभवात, पहिलाच प्रकार जास्त भेटतो. आणि तिथे स्कॅनरची एक गोष्ट मला फार त्रास देते. ज्या दोन-तीन सेकंदांत दोष समोर येतो, नेमका तेव्हाच तो गप्प होतो. गाडीच्या पोर्टमध्ये खोचायच्या स्कॅनरच्या अडॅप्टरला वीज गाडीच्याच बॅटरीतून मिळते. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली आलं की माझ्याकडचा ब्लूटूथ अडॅप्टर रिसेट होतो, मोबाइलवरचे आकडे गोठतात, आणि पुन्हा जोडणी होईपर्यंत एकतर गाडी सुरू झालेली असते किंवा मी किल्ली सोडलेली असते. चांगल्या प्रतीच्या, वायरने जोडायच्या स्कॅनरला हा त्रास कमी होत असेलही. पण बॅटरी अशक्त असताना कोडची जी रांग लागते, ती कुणालाच चुकत नाही. अमुक मॉड्यूलशी संपर्क तुटला, तमुक सेन्सरचं व्होल्टेज कमी, असे कोड एकदम येतात. त्यातले बरेचसे कमी व्होल्टेजमुळे उमटलेले असतात आणि नवखा माणूस ते सेन्सर बदलायला निघतो. शिवाय पुष्कळ जुन्या गाड्यांत सेल्फच्या जाड केबलवर ईसीयूचं लक्षच नसतं. तिथे गंज चढला तरी कोड येत नाही. गाडी आणखी जुनी असेल तर ओबीडी-२ पोर्टच नसतो. अमेरिकेत तो १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा झाला.

मीटरला या कशाशीच देणंघेणं नाही. त्याची स्वतःची बॅटरी असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर याच वेळचा आकडा फार बोलका असतो. १२ च्या वर टिकून राहिला, तर सेल्फमधून करंट वाहतच नाहीये. केबल, सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश बघा. आकडा धाडकन कोसळला तर आधी बॅटरीवर संशय घ्या. टकटकटक असा सलग आवाजही बहुतेकदा कमी व्होल्टेजचाच असतो. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो.

पण मीटरची खरी किंमत मला व्होल्टेज ड्रॉपच्या, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात त्याच्या, तपासणीत कळली. माझ्या गाडीची बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत होता. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवला (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर) आणि लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरवर जवळजवळ एक व्होल्ट आला, जिथे ०.२ च्या आसपास यायला हवा. म्हणजे तेवढा व्होल्ट अर्थिंगच्या वाटेवरच खर्च होत होता. अर्थिंगची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी जाड वायर) बाहेरून ठीक दिसत होती. बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी. धातू चमकेपर्यंत घासून बोल्ट आवळला आणि सेल्फचा आवाजच बदलला. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासायची, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

हीच पट्टी ओहमवर लावून मोजली असती तर ठणठणीत दिसली असती. मीटर ओहम मोजताना अगदी किरकोळ करंट सोडतो, त्याला एक तार शाबूत असली तरी पुरते. सेल्फ १०० ते २०० अँपिअर ओढतो. १५० अँपिअरला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा दीड व्होल्ट खातो.

तेव्हा सेल्फ झकास फिरत असेल, गाडीला पोर्ट असेल, आणि गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होत असेल, तर स्कॅनर आधी घ्यायला माझी हरकत नाही. बाकी बहुतेकांनी मीटरपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. घेताना मिन-मॅक्स नोंदवणारा बघा, म्हणजे क्रँकिंगचा सर्वांत खालचा आकडा निसटत नाही. प्रोबच्या वायरी लांब असाव्यात. आणि मीटरवरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, त्यासाठी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो.