बिनपानांचं ऑर्किड म्हणून मला व्हँडाची तोडलेली मुळं विकली

गेल्या डिसेंबरात नाशिकमध्ये भरलेल्या झाडांच्या एका प्रदर्शनात मी १,८०० रुपयांना एक ऑर्किड घेतलं. नंतर त्याच माणसाकडून फोनवर आणखी दोन मागवली. एकूण ४,८०० रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण ही युक्ती चटकन लक्षात येत नाही.

गंगापूर रोडच्या आमच्या गॅलरीत बरीच वर्षं डेंड्रोबियम आणि व्हँडा ही पानांची ऑर्किडं आहेत. बिनपानांची ऑर्किडं मात्र मी फोटोतच पाहिली होती. या झाडांना पानं जवळजवळ नसतात. मुळंच हिरवी असतात आणि अन्नही तीच तयार करतात. यातलं टेनिओफायलम तर आपल्या सह्याद्रीतही सापडतं. सालीला कोळी बिलगलाय असंच वाटतं, आणि फूल जेमतेम काही मिलिमीटरचं. असं झाड घरात असावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

स्टॉलवर तळहाताएवढं लाकूड होतं. मध्ये शेवाळाचा गोळा आणि त्यातून बाहेर पसरलेली सात-आठ रुपेरी मुळं. "थायलंडचं कायलोस्किस्टा आहे ताई, बघा कसं जिवंत आहे," म्हणत त्याने पाण्याचा फवारा मारला. कायलोस्किस्टा हेही बिनपानांचंच ऑर्किड. बघता बघता मुळं हिरवीगार झाली आणि माझी खात्री पटली.

फसले ती इथेच. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. व्हँडाच्या मुळांचंही तसंच होतं, आणि मुळं झाडापासून तोडली तरी पुढे बरेच दिवस होत राहतं.

मी मनापासून काळजी घेतली. रोज सकाळी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा फवारा, दुपारपर्यंत मुळं कोरडी, ऊन गाळून यावं म्हणून हिरवी जाळी. फेब्रुवारीत मुळं सुरकुतायला लागली. फोन केला तर म्हणाला, "झाड झोपलंय, पाणी कमी करा." कायलोस्किस्टा कोरड्या दिवसांत खरंच विश्रांती घेतं, म्हणून मला ते पटलं. मार्चमध्ये त्यानेच सांगितलं, पाणी वाढवा. पानांचं झाड असतं तर पानं पिवळी पडली, गळली, असं काही दिसलं असतं. इथे कशावरून ओळखणार?

एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या बाई आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात. त्यांनी चिमट्याने शेवाळ हळूहळू काढलं. खाली हरभऱ्याएवढा ग्लू गनचा पांढुरका गोळा होता आणि त्यात मुळं शेजारी शेजारी चिकटवलेली. खोड नाही, कोंब नाही. प्रत्येक मुळाचं आतलं टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ. त्यांनी एक मूळ ओढलं, तर वरचं आवरण सटकून हातात आलं आणि लाकडावर दोऱ्यासारखी बारीक शीर लोंबत राहिली. फोनवर मागवलेली बाकी दोन्ही झाडंही तशीच निघाली. चार महिने मी ज्यांना पाणी घालत होते, त्यांना जगायला काही आधारच नव्हता.

असं झाड घेताना आधी मधला भाग उघडा करून बघा. सगळी मुळं एकाच छोट्या खोडातून निघालेली दिसली पाहिजेत. ही झाडं बहुतेक जण उघड्या लाकडावरच बांधतात, कारण मुळं लवकर वाळावी लागतात. मध्ये शेवाळाचा जाड गोळा असेल तर तो काढून दाखवा म्हणावं. वाढत्या मुळाचं टोक ताजं हिरवं किंवा लालसर आणि चकचकीत असतं. माझ्याकडच्या एकाही मुळाला तसं टोक नव्हतं, आणि मी ते पाहिलंही नव्हतं. परदेशातून आणलंय म्हणाले तर कागद मागा. सगळी ऑर्किडं साइट्स या, रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे परवाना लागतो, शिवाय रोपाच्या आरोग्याचा दाखलाही. मी काहीच मागितलं नाही.

विक्रेत्याला उघड्या गोळ्याचे फोटो पाठवले, तर त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. पैसे फोनवरून दिलेले असतील तर कळल्याबरोबर तक्रार करा. मी आठवडाभर त्याच्या उत्तराची वाट पाहत बसले.

परवा इंदिरानगरच्या एका मैत्रिणीने फोटो पाठवून विचारलं, "दोन हजारांत मिळतंय, घेऊ का?" मी फोटो मोठा करून पाहिला. मध्ये शेवाळाचा तसाच गोळा होता.