गिअर्ड मोटरच्या दोन रचना: पेटंट नेमके कशासाठी मागावे?

पाणीपुरवठ्याच्या मोठ्या नळावरचा गेट व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यासाठी गिअर्ड मोटर बनवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याकडे दोन रचनांचे नमुने तयार आहेत आणि पेटंटवर खर्च करण्याची ऐपत मात्र एकाच अर्जापुरती आहे, असे धरून हा आढावा लिहिला आहे. दोन्ही रचनांत मिनिटाला १४४० फेरे घेणारी चार पोलची मोटर आहे आणि दोन्हींचे गुणोत्तर १२५ ला १ आहे, म्हणजे बाहेरचा शाफ्ट मिनिटाला साधारण साडेअकरा फेरे घेतो. काम एक, वेग एक, फक्त आतली मांडणी वेगळी; म्हणूनच ही तुलना बोलकी ठरते.

पहिली रचना तीन टप्प्यांच्या प्लॅनेटरी गिअरची आहे. प्रत्येक टप्प्यात मधल्या सन गिअरला १८, त्याभोवती फिरणाऱ्या प्लॅनेटला २७ आणि त्यांना वेढणाऱ्या, आतून दाते असलेल्या रिंगला ७२ दाते आहेत. रिंग स्थिर ठेवून प्लॅनेट धरणाऱ्या कॅरिअरवरून गती घेतली की गुणोत्तर १ + ७२/१८, म्हणजे ५ मिळते, आणि असे तीन टप्पे एकामागोमाग लावले की १२५. हिचे वैशिष्ट्य असे की तिन्ही टप्प्यांसाठी एकच लांब रिंग आहे, तिचे दाते ब्रोचने, म्हणजे दातेरी लांब कापणीच्या हत्याराने, एका खेचीत कापले जातात, आणि मोटरचे पुढचे झाकण हेच गिअरबॉक्सचे मागचे झाकण आहे. लांबी कमी झाली, बोल्ट कमी झाले, तेल गळण्याची एक जागा कमी झाली.

दुसऱ्या रचनेत टप्पा एकच, पण रिंगा दोन आहेत. तोच १८ दातांचा सन, तेच २७ दातांचे तीन प्लॅनेट, मात्र हे प्लॅनेट लांब असून एकाच वेळी ७२ दातांच्या स्थिर रिंगमध्ये आणि शेजारच्या ७५ दातांच्या फिरत्या रिंगमध्ये अडकलेले आहेत. तीन दातांच्या या फरकामुळे फिरती रिंग अगदी हळू सरकते: पाचाला ७५/३ ने गुणले की पुन्हा १२५ येतात. नऊ प्लॅनेटऐवजी तीन पुरले. शिवाय हिची स्थिर रिंग बोल्टने आवळलेली नाही. तिच्या पाठीवर व्ही आकाराच्या तीन खाचा आहेत, तशाच तीन हाउसिंगमध्ये आहेत, प्रत्येक जोडीत एक पोलादी गोळी आहे आणि समोरून डिस्क स्प्रिंगा रिंगला दाबून धरतात. व्हॉल्व्ह अडला की रिंग किंचित फिरते, गोळ्या खाचेचा चढ चढतात, रिंग पुढे सरकते आणि मायक्रोस्विच दाबून मोटर बंद करते.

कारखान्यात मत घेतले तर दुसऱ्या रचनेला सगळे हात वर होतील, आणि ज्याने ब्रोच बनवण्यात महिने घालवले तो पहिलीसाठी भांडेल. कायदा यांपैकी काहीच मोजत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याला तीन गोष्टी हव्यात: वस्तू नवी असावी, उद्योगात वापरता यावी आणि तिच्यात शोधक पायरी असावी, म्हणजे आजवरच्या ज्ञानाच्या पुढे जाणारे तांत्रिक पाऊल किंवा आर्थिक महत्त्व असावे आणि त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी. उद्योगातील वापराबद्दल गिअर्ड मोटरला कोणी अडवत नाही. अडते ते शोधक पायरीपाशी. त्यातच कलम ३ च्या फ खंडात स्पष्ट म्हटले आहे की, ज्ञात साधने आपापले काम ज्ञात रीतीनेच स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोध होत नाही.

या निकषावर पहिली रचना लवकर बाद होते. एकाच लांब रिंगमध्ये अनेक टप्पे बसवणे ही लहान प्लॅनेटरी गिअरबॉक्सची रूढ पद्धत आहे आणि सामाईक झाकण हे तर गिअर्ड मोटर या कल्पनेतच आहे. रिंग रिंगेचे काम करते, झाकण झाकणाचे करते. दोन्ही एकत्र आल्याने तिसरे काही घडत नाही. भांडी घासण्या-चकाकवण्यासाठी लेथवर धरण्याच्या साधनाबद्दलचा मिर्झापूरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर १९७८ मध्ये त्याचा निकाल देताना न्यायालयाने हेच सूत्र घालून दिले की पेटंट मिळण्यासाठी सुधारणा ही वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेहून काहीतरी अधिक असली पाहिजे. पहिली रचना ही उत्तम वर्कशॉप-सुधारणा आहे, आणि यात तिचा अपमान नाही. जर्मनीत किंवा चीनमध्ये अशा सुधारणेसाठी युटिलिटी मॉडेल नावाचा, नावीन्याची सखोल तपासणी न करता नोंदला जाणारा, दहा वर्षांचा हक्क उपलब्ध आहे. भारतात तशी सोय नाही. २००० च्या डिझाइन कायद्याखाली बाहेरच्या हाउसिंगवरच्या पट्ट्यांचा (फिनचा) आकार दहा आणि पुढे पाच वर्षे राखता येईल, पण तो कायदा फक्त डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो आणि यांत्रिक रचनेला स्पष्टपणे बाहेर ठेवतो. राहिली गुप्तता. विकलेली मोटर ॲलन कीने पाच मिनिटांत उघडते, त्यामुळे मांडणी गुप्त राहणार नाही. ब्रोचचे दाते कोणत्या चढाने वाढवले आणि उष्णता-प्रक्रियेनंतर रिंग गोल कशी ठेवली, हे मात्र उघडलेल्या मोटरीतून कळत नाही. पहिलीचे खरे भांडवल तिथे आहे आणि ते अर्जात लिहून जगजाहीर करणे तोट्याचे ठरेल.

दुसरीकडे वळताना उत्साह थोडा आवरावा लागतो. दोन रिंगांची ही मांडणी गिअरच्या पुस्तकांत वोल्फ्रोम या नावाने ओळखली जाते आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ज्ञात आहे, म्हणून ७२ आणि ७५ या आकड्यांत नावीन्य नाही. मग बोल्टऐवजी गोळ्यांवर टेकलेली ही तरंगती रिंग? कॉर्डलेस स्क्रू-ड्रायव्हर उघडून पाहावा: पुढच्या फिरत्या कड्याखाली एक स्प्रिंग, तिच्याखाली पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्या टेकलेली, कडेवर उंचवटे असलेली रिंग. स्क्रू घट्ट बसला की रिंग गोळ्यांना उचलून निसटते. तो कर्र-कर्र आवाज तिचाच. बरे, भार मोजून मोटर बंद करणे तरी? व्हॉल्व्हच्या प्रचलित ॲक्चुएटरमध्ये (उघडझाप करणाऱ्या यंत्रात) वर्म शाफ्ट, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला शाफ्ट, डिस्क स्प्रिंगांमध्ये तरंगत ठेवलेला असतो, भार वाढला की तो अक्षाच्या दिशेने सरकतो आणि टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, मर्यादा राखणारा टॉर्क स्विच दाबतो. पेटंट कार्यालयाचा परीक्षक ही दोन उदाहरणे शेजारी ठेवील आणि विचारील की, व्हॉल्व्हच्या धंद्यातल्या माणसाला दोन्ही ठाऊक असताना त्यांची सांगड घालण्यात अवघड ते काय.

म्हणूनच आधीच्या पेटंटांचा शोध त्यांच्या विषयवार वर्गवारीतल्या फक्त गिअरच्या वर्गात घेऊन चालत नाही. एफ१६एच १/२८ हा प्लॅनेटरी गिअरचा आणि एच०२के ७/११६ हा गिअर जोडलेल्या मोटरचा वर्ग पाहणे तर आलेच. पण अतिभार सोसणाऱ्या रचनांचा एफ१६एच ३५/१०, मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा एफ१६के ३१/०४ आणि स्क्रू-ड्रायव्हरमधील टॉर्क मर्यादेचा बी२५बी २३/१४ हेही चाळावे लागतात. भारतीय पेटंट कार्यालयाचा इनपास, युरोपीय कार्यालयाचा एस्पासनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा (विपो) पेटंटस्कोप हे तिन्ही संग्रह विनामूल्य आहेत. वकिलाकडे जाण्यापूर्वी यात आठवडाभर घालवलेला माणूस पुढचा बराच खर्च वाचवतो, असे माझे ठाम मत आहे.

आता दुसऱ्या रचनेतली ती बाब, जी नकाशावर नजर फिरवताना सहज सुटते. तिच्या व्ही खाचेच्या दोन बाजू सारख्या नाहीत. रिंगच्या प्रतलाशी एक बाजू ४५ अंशांची आहे, दुसरी ३० अंशांची. गोळीला चढ चढवून स्प्रिंग दाबण्यासाठी लागणारा टॉर्क त्या कोनाच्या टॅन्जंटप्रमाणे बदलतो, म्हणून स्प्रिंग तीच आणि स्विच तोच असूनही एका दिशेला मोटर बंद पडण्याची मर्यादा दुसऱ्या दिशेच्या सुमारे पावणेदोनपट येते. गेट व्हॉल्व्हला नेमके हेच हवे असते: बंद करताना पाचर, म्हणजे पाणी अडवणारी व्हॉल्व्हची झडप, फार जोराने रुतवायची नाही, पण महिनोन् महिने बंद राहून रुतलेली पाचर उचलताना जास्त जोर लावू द्यायचा. रूढ ॲक्चुएटरमध्ये यासाठी दोन स्वतंत्र स्विच बसवून प्रत्येकाची मर्यादा वेगळी जुळवतात. इथे ते काम खाचेच्या आकाराने केले आहे आणि ते नंतर कोणी स्क्रू फिरवून बिघडवू शकत नाही.

याला आणखी एक गोष्ट जोडून येते, आणि माझ्या मते अर्जाचे खरे बळ तीच आहे. स्थिर रिंगवर येणारा टॉर्क म्हणजे बाहेरच्या शाफ्टचा टॉर्क वजा मोटरचा टॉर्क; हा समतोल घर्षणावर अवलंबून नाही. गिअरची कार्यक्षमता ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर घसरली तरी रिंगवरचा टॉर्क बाहेरच्या टॉर्कच्या ९९ टक्क्यांच्या आसपासच राहतो, बदल अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. मोटरचा करंट पाहून भार ओळखणाऱ्या पद्धतीला मात्र हिवाळ्यात घट्ट झालेले ग्रीस आणि अडलेला व्हॉल्व्ह यांतला फरक कळत नाही. दोन-रिंगी मांडणीची कार्यक्षमता तीन-टप्पीपेक्षा बरीच कमी असते, हा तिचा मोठा दोष. त्या दोषाचा मोटर बंद पडण्याच्या मर्यादेवर परिणाम होत नाही, हे चाचणीच्या आकड्यांनिशी दाखवता आले तर परीक्षकाला उत्तर देण्याजोगे काही हाती येते. थंड आणि गरम ग्रीसवर, कमी आणि पूर्ण व्होल्टेजवर, दोन्ही दिशांना घेतलेली मोजणी विनिर्देशपत्रात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, पहिल्यापासून घालावी. आक्षेप आल्यावर नवी सामग्री मूळ वर्णनात घुसवता येत नाही.

आणि इथेच दोन रचनांमधली निवड उलटते. पहिल्या रचनेत मोटरचा टॉर्क एक मानला तर पहिल्या टप्प्याच्या रिंगवर ४, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर १०० येतो, बेरीज १२४. दुसऱ्या रचनेत एकट्या स्थिर रिंगवरही १२४ च येतो. पहिलीत तिन्ही टप्प्यांची रिंग एकसंध असल्यामुळे तिला बोल्टऐवजी याच गोळ्यांवर बसवले तर तीही तसेच आणि तितकेच अचूक काम करील, वर कार्यक्षमताही जास्त देईल. म्हणजे पेटंटला पात्र असलेच तर ते रिंगेचे आसन, म्हणजे ती बसवण्याची रीत, आहे, गिअरची मांडणी नव्हे. मुख्य दावा, म्हणजे अर्जात हक्काची सीमा ठरवणारे वाक्य, दोन-रिंगी गिअरपुरता बांधला, तर स्पर्धक तीन-टप्पी पेटीत तेच आसन घालून मोकळा होईल, आणि ती पेटी कशी बनवायची हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. उलट ‘तरंगती रिंग’ एवढाच मोघम दावा केला तर स्क्रू-ड्रायव्हर त्याचा बळी घेईल. दावा मधला हवा: हाउसिंगमध्ये मर्यादित फिरणारी रिंग, दोन बाजूंना असमान चढ असलेल्या खाचा, दोन्ही दिशांसाठी एकच स्प्रिंग आणि एकच स्विच, दोन-रिंगी आणि तीन-टप्पी मांडण्या त्याखालच्या अवलंबी, म्हणजे मुख्य दाव्यावर टेकलेल्या, दाव्यांत. दोन्हींमागे एकच शोधक कल्पना असल्यामुळे कलम १० प्रमाणे त्या एकाच अर्जात बसतात आणि एका अर्जाचा पैसा पुरतो.

हे थोर संशोधन आहे असा आव आणू नये. वॉल्टन मसर यांनी पातळ पोलादी कप लवचीक ठेवून त्याच्या विकृतीतूनच गती घटवण्याची कल्पना १९५५ मध्ये अर्जात मांडली आणि १९५९ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. हार्मोनिक ड्राइव्हचे ते मूळ, आणि तिथे तत्त्वच नवे होते. पण पेटंटसाठी एवढी उंची लागत नाही, आणि यंत्र आधीच्यापेक्षा सरस असण्याचीही सक्ती नाही. पिकार्डने १७८० मध्ये वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचे पेटंट घेतल्यामुळे जेम्स वॉटने पुढच्या वर्षी सन-अँड-प्लॅनेट गिअरचे पेटंट घेतले, ते क्रँक वाईट म्हणून नव्हे, वाट अडवली गेली म्हणून. माझ्या अंदाजाने असमान खाचांच्या दाव्याला पहिल्या तपासणी-अहवालात आक्षेप येईल, आणि शोधात तशी खाच कुठेच सापडली नाही तर नेटक्या उत्तराने तो टिकूही शकेल.

खर्चाचे गणित अवघड नाही. लहान उद्योग किंवा स्टार्टअप म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास अर्जाचे १६०० आणि तपासणी-विनंतीचे ४००० रुपये लागतात. पेटंट २० वर्षे चालू ठेवले तर तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण शुल्के मिळून ७६,८०० रुपये होतात, आणि मोटर बाजारातून गेली तर ती भरणे मध्येच थांबवता येते. एजंटाची फी याहून जास्त असते, आणि दाव्याची भाषा नीट हवी असेल तर ती वाचवू नये.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक वर्णनाचा, अर्ज दिला की पूर्ण विनिर्देशपत्रासाठी १२ महिने मिळतात, आणि चाचण्यांना तेवढे पुरतात. क्रम मात्र चुकवू नये. एखाद्या पाणीपुरवठा योजनेच्या ठेकेदाराकडे नमुना बसवायला पाठवायचा असेल, तर वाजवी चाचणीपुरत्या सार्वजनिक वापराला कलम ३२ एका वर्षाची सवलत देते खरी, पण ती चाचणी उघड्यावर घेणे गरजेचेच होते हे अर्जदाराला दाखवावे लागते, आणि त्या नमुन्याची किंमत आकारली असेल तर ते दाखवणे आणखी कठीण होते. असमान खाचांचे चित्र घातलेला प्रोव्हिजनल अर्ज आधी जावा. मोटर टेम्पोत चढवायची ती दुसऱ्या दिवशी.