विद्यापीठ खरं, सेंटर खोटं: पॅरामेडिकल पदवीला प्रवेश घेण्याआधी वाचा

पुतणीला बी.एस्सी. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीला प्रवेश घेण्याआधी आम्ही विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत शोधलं होतं. सापडलं. बनावट विद्यापीठांच्या यादीत ते नव्हतं. माहितीपत्रकातलं ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ अक्षरशः खरं होतं, आणि सगळी फसवणूक त्याच खऱ्या वाक्याच्या आडून झाली.

विद्यापीठ परराज्यातलं, खासगी. आपल्याकडे त्याचं ‘सेंटर’, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खासगी विद्यापीठांना बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, असा यूजीसीचा २००३ चा नियम आहे. त्यामुळे यादीत नाव बघून थांबू नका. हा कोर्स, याच पत्त्यावर चालवायची परवानगी कोणी दिली, ते पत्र मागा. आमच्या सेंटरवाल्याने ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणून तीन वर्षं काढली.

लॅब म्हणजे एक मायक्रोस्कोप आणि कपाटात मांडलेल्या रिकाम्या बाटल्या. स्लाइड रंगवायची कशी, हे पोरीने मोबाइलवर बघून जर्नलात उतरवलं. ‘हॉस्पिटल टाय-अप’ होता म्हणे. तिथे मुलांना केसपेपर काढायच्या खिडकीवर बसवायचे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ ठरायला किमान ३६०० तासांची पदवी लागते. इथे आठवड्यातून दोन दिवस वर्ग भरत, तेही दुपारपर्यंत!

खरा घोळ कळला तो मार्कशीटवर. त्यावर कॉलेजचा पत्ता विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसचा. जिथे ती एकदाही गेली नाही, तिथे तिची हजेरी नव्वद टक्के. पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज केला, तर तिथल्या बाईंनी एकच विचारलं, “तुम्ही तिकडे राहत होतात का?” पुतणी खरं बोलली. अर्ज परत आला.

मूळ दाखले सेंटरवाल्याने अडकवून ठेवले होते. मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्या सूचनेची प्रत जोडून लेखी तक्रार आणि पोलिसांत अर्ज दिला, तेव्हा कुठे दाखले हाती आले.

फी मात्र अडकली ती अडकलीच. विद्यापीठाला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की आमचं असं कुठलंही सेंटर नाही. पावत्या काढून बघितल्या. एकीवरही विद्यापीठाचं नाव नाही. सगळ्या कुठल्याशा एज्युकेशनल ट्रस्टच्या. तुमच्या घरात अशी पावती असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी तिच्या झेरॉक्ससह थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टाने विचारा, की हा विद्यार्थी तुमच्याकडे कुठल्या कॅम्पसवर नोंदलेला आहे.