बंद हुकूम की कट हुकूम? डाव मांडण्याआधी ठरवायचे घरचे नियम

गौरी-गणपतीला तासगाव-मिरजेकडे किंवा मेच्या सुट्टीत वाई-कराडला घर भरलं की पत्ते निघतातच, आणि पहिला वाद नियमांवरून होतो. पानं पिसण्याआधी दोन गोष्टी बोलून घ्या: मेंढीकोटात (दोन जोड्यांनी दश्श्या जिंकायचा खेळ) हुकूम, म्हणजे बाकी रंगांना कापणारा रंग, कसा ठरवायचा, आणि बदाम सत्तीत (सत्तीपासून वर-खाली क्रमानं पानं लावून हात रिकामा करायचा खेळ) पास चालणार का.

बंद हुकमात एक जण आपल्या १३ पानांतलं एक उपडं ठेवतो. उतारीचा, म्हणजे फेरीत पहिल्यांदा टाकलेल्या पानाचा, रंग ज्याच्याकडे नाही, तो हुकूम उघडायला सांगतो. तोवर हुकूम एकालाच ठाऊक असतो. जोडीदारानं त्याच्या खेळीवरून ताडायचं. पक्क्या खेळणाऱ्यांसाठी खरा मेंढीकोट हाच. मात्र उघडलेलं पान लगेच ठेवणाऱ्याच्या हातात परत गेलं पाहिजे. शिवाय उघडायला लावणाऱ्याकडे हुकूम असेल तर त्यानं त्याच हाताला (फेरीला) तो मारायचा, हा नियम ठेवाच. नाहीतर कुणीही नुसतं बघायला हुकूम उघडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

कट हुकमात गुपित नाही. पहिल्यांदा ज्याचा रंग संपतो, तो टाकेल तो हुकूम. डाव भरभर सरकतो, मुलं लगेच शिकतात. गडबड एकच: पोरगं एकुलती एक किलवर दुर्री नको म्हणून टाकतं, किलवरच हुकूम होतो, आणि समोरच्यांकडे किलवरची रांग असली तर दश्श्या त्यांच्या घरी जातात. जास्त पानं असलेल्या रंगानंच कापायचं, हे आधी शिकवा.

बदाम सत्तीत 'पान असेल तर टाकलंच पाहिजे' हा नियम सरळ, पण नशिबाचा भाग वाढवतो. पास चालत असेल तर खेळ अडवाअडवीचा होतो. किलवर छक्की दाबली की खालची ५ पानं अडकतात. सत्ती दाबली तर रंगाची बाकीची १२ च्या १२. गुण राहिलेल्या पानांचे धरत असाल तर दाबणं स्वस्त पडतं: सत्तीचे ७, पण अडकलेल्या राजाचे १३. म्हणून पास चालू ठेवायचा तर प्रत्येकी ३ वेळाच. आजी-नातवंडं एकत्र बसणार असतील तर पास बंदच बरा. दर फेरीला 'पास, पास' ऐकून लहानगी उठून जातात.

तिघंच उरलात तर पाच-तीन-दोन: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पानं आणि दोन सत्त्या. तिथं मागच्या डावात हात कमी पडलेल्याकडून ओढलेल्या पानाच्या बदल्यात कुठलंही पान परत देता येईल का, एवढंच ठरवा.